साडेसातचा हात

लिहून घ्या साहेब, पण आधी कॉफी घ्या.
आमच्या सानिता पेठेत कोरड्या घशाच्या माणसापुढे
कुणी खरं बोलत नाही.

हो, तीन कंदिलांच्या मंडळाचे हातमोजे मीच शिवले.
एकोणीस वर्षं. पांढरे, कोकराच्या कातड्याचे,
मनगटाशी आतून एक निळा टाका.
तो दिसायचा नाही.
दिसू नये म्हणूनच घालायचा.

चेहरे? एकही नाही.
रोक्को नावाचं पोर यायचं दिवेलागणीनंतर,
कागद टाकायचं, पळायचं.
कागदावर पेन्सिलीनं गिरवलेला पंजा,
खाली आकडा. नाव नाही, गाव नाही.

तुम्ही म्हणता त्यांनी सरकारं पाडली,
रात्रीतून मंत्री फिरवले.
नेपल्सच्या मासळीबाजारात तर म्हणतात,
भूकंपसुद्धा त्यांनीच आणला.
मला कातडं कळतं, साहेब, राजकारण नाही.

पण एक पंजा होता, करंगळीचं पेर तुटलेला.
तसाच हात मी चौकातल्या सभेत पाहिला,
लाल झेंड्याखाली, मूठ वळलेला.
आणि एक जाड बोट, अंगठी मांसात रुतलेली;
ते दिसलं ईस्टरच्या मिरवणुकीत,
चर्चवाल्या पक्षाच्या पहिल्या रांगेत,
मेणबत्ती धरून.
आता हेही लिहा :
या गल्लीत चार खाटीक, चौघांची करंगळी अर्धी.
आणि अंगठी काय,
लग्नाला दहा वर्षं झाली की सगळ्यांनाच रुतते.

एवढं मात्र खरं,
व्यासपीठावर एकमेकांवर बोटं रोखणारे
माझ्या टेबलावर शेजारीशेजारी पडून असायचे,
तळवे वर करून,
दमून झोपलेल्या पोरांसारखे.
मी एकाच सुईनं सगळ्यांची बोटं मिटवली.

सबातीनोबद्दल विचारणार, माहीत होतं.
नवरा माझा. गोदीत क्रेनवर.
युनियनच्या सभेत ओरडायचा :
हात झाकून जो हात मिळवतो
त्याच्या तोंडावर थुंका!
लोक टाळ्या वाजवायचे. मीही.

एका फेब्रुवारीत कागद आला.
अंगठा आत वळलेला,
साखळीत सापडून मोडला होता तसा,
डॉक्टरनं वाकडाच बसवला होता तसा.
आकडा वाचावा लागला नाही.
बावीस वर्षं तो हात माझ्या उशीखाली असायचा.

नेम असा, साहेब, की नव्या माणसाला दोन जोड्या.
एक त्याची. एक बायकी,
ज्या स्त्रीला तो सर्वांत मानतो तिच्यासाठी.
बायकी कागदावर आकडा होता सव्वासहा.
माझा हात बघा. साडेसात.
सुईनं रुंदावतो, व्हिनेगरनं सुजतो,
लहान मात्र कधी होत नाही.

शिवल्या. दोन्ही शिवल्या.
सव्वासहाची तर इतकी बारीक
की टाके मोजायला भिंग लागावं.
काम वाईट झालं तर पैसे कापतात.

फक्त त्याच्या जोडीत निळा टाका घालायचा राहिला.
विसरले. विसरले असंच लिहा.

त्या रात्री तो लवकर परतला.
कोट काढला नाही, दिवा लावू दिला नाही.
मी वाटाण्याचं सूप गरम केलं.
तो जेवला, डाव्या हातानं,
उजवा टेबलाखाली ठेवून.
त्यानंतर सभेत बोलायचा, पण
थुंकायचं वाक्य गाळून.
मंडळात घेतलं की नाही,
पक्षाला कळलं की नाही,
सव्वासहाची कुठे राहते,
मी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला.
पेटीत हात छातीवर ठेवतात ना,
तेव्हा मी पाहिलं. उघडेच होते.

तुमची कॉफी निवली.
सही कुठे करू?
द्या इकडे कागद... आणि हात असा मागे घेऊ नका,
मी काही विचारत नाहीये.
पावणेआठ, नाही का?
सवय हो, नुसती सवय.
पावणेआठ हात शहरात हजारो आहेत.